निसर्ग राखणारे हात कोणाचे?

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ, माएबूर गावासमोर, इल-ओ-एग्रेत नावाचे एक चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २६ हेक्टर. २५ जुलै २०२० रोजी जपानी मालकीचे ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज या भागातील प्रवाळखडकावर चढले आणि ६ ऑगस्टपासून त्यातील तेल समुद्रात पसरू लागले. सुमारे एक हजार टन तेल त्या निळ्या खाजणात गेले. तेव्हा मॉरिशसच्या सामान्य जनतेने सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत ठासून भरावे, त्या पिशव्या एकमेकींना शिवून लांबलचक तरंगते बांध तयार करावेत आणि तेलाला अडवावे, हा उद्योग हजारो स्त्रीपुरुषांनी रात्रंदिवस केला. त्याच दिवसांत इल-ओ-एग्रेतवर काम करणारी माणसे रोपवाटिकेतील दुर्मिळ रोपे आणि जगात अन्यत्र न आढळणारे लहानसे पक्षी होडीतून सुरक्षित जागी हलवीत होती. तेल निपटण्याच्या मोहिमेवरील एक टगबोट महिनाअखेरीस बुडाली आणि तिच्यावरील चार खलाशी घरी परतले नाहीत.

जहाज कोणाचे, नफा कोणाचा आणि काळे झालेले हात कोणाचे, हा प्रश्न त्या एका महिन्याने जगापुढे मांडला. परंतु अपघाताची बातमी शिळी झाली की हा प्रश्नही विस्मरणात जातो. म्हणून या हातांचा विचार थोडा शांतपणे करावयास हवा.

इल-ओ-एग्रेतची देखभाल करणारी मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. तिचे आणि तिच्या सहकाऱ्यांचे कार्य थक्क करणारे आहे. केस्ट्रेल जातीच्या तेथील लहान ससाण्याचे १९७४ मध्ये केवळ चार पक्षी उरल्याचे ज्ञात होते. आज त्यांची गणना शेकड्यांनी होते. गुलाबी कबुतरे १९९० च्या सुमारास मुक्त निसर्गात दहाच्या आसपास राहिली होती. ती आता चारशेच्या घरात आहेत. आपल्या राघूचा भाऊबंद शोभेल असा तेथील हिरवा पोपट १९८० च्या दशकात जेमतेम डझनभर उरला होता. आज तो शेकड्यांनी दिसतो. जेराल्ड ड्यूरेल आणि कार्ल जोन्स यांची नावे या संदर्भात सर्वत्र घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. १९७९ मध्ये मॉरिशसला आलेल्या जोन्स यांना २०१६ मध्ये इंडियानापोलिस पारितोषिक मिळाले, तेही यथायोग्यच झाले.

पण पक्षी वाचतो तो पारितोषिकाने नव्हे. घरट्यातील पहिली अंडी उचलून ती यंत्रात उबवावी लागतात, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिलांना घटकेघटकेला भरवावे लागते. कड्यांवर आणि झाडांवर घरट्यांच्या पेट्या चढवाव्या लागतात. उंदीर, रानमांजर आणि १९०० च्या सुमारास भारतातूनच नेऊन सोडलेले मुंगूस यांच्यासाठी पिंजरे लावून ते रोज तपासावे लागतात. चिनी पेरूसारख्या परक्या झाडांनी देशी जंगल गुदमरते. ती झाडे हातांनी तोडावी, उपटावी लागतात, आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा तेच करावे लागते. राऊंड बेटावरील शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये काढल्यावर तेथील ताडवर्गी झाडे वाचली. पण तेवढ्याने भागले नाही. त्या उघड्या खडकावर राखणदार आठवड्यांमागून आठवडे मुक्काम करून तण काढतात, रोपे लावतात, सरड्यांची आणि कासवांची मोजदाद ठेवतात. तेथे धक्का नाही. लाट वर आली की होडीतून खडकावर उडी घ्यावयाची, इतकेच. हे सर्व श्रम आहेत, आणि तेही कुशल श्रम आहेत. संवर्धन हे विज्ञान आहे हे खरेच; परंतु त्याचा नव्वद टक्के भाग अंगमेहनतीचा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या श्रमांमागे एक इतिहासही उभा आहे. डच लोकांनी १५९८ मध्ये मॉरिशसचा ताबा घेतला; पुढच्या शतकातच डोडो नामशेष झाला. डचांनी तेथील आबनूस तोडला तो गुलामांच्या हातांनी. पुढे फ्रेंचांनी आणि १८१० नंतर ब्रिटिशांनी उरलेले जंगल उसाच्या मळ्यांसाठी साफ केले, तेही प्रथम गुलामांच्या आणि १८३४ पासून भारतातून नेलेल्या गिरमिटियांच्या घामावर. सुमारे साडेचार लाख माणसे या करारपद्धतीखाली तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे आपले मराठी बांधवही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी भाषा जिवापाड जपतात. याच मळ्यांतील मजुरांनी १९३७ आणि १९४३ मध्ये न्याय्य हक्कांसाठी लढताना गोळीबार सोसला. आज त्या बेटावर मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. ते मजुराने तोडले असे म्हणणे म्हणजे कुऱ्हाडीला दोष देऊन मालकाला मोकळे सोडणे होय. ज्या वर्गाकडून साखरेच्या नफ्यासाठी जंगल तोडवून घेतले गेले, तोच वर्ग आज एकेक रोप लावून ते पुन्हा उभे करीत आहे. इतिहासाचा हा न्याय नव्हे. पण त्या दिशेने टाकलेले हे पाऊल निश्चित आहे.

आपल्यातील काही साथी या विषयाकडे थोड्या उपेक्षेने पाहतात. माणसाला पोटभर अन्न नसताना कबुतरांची चिंता कशाला, असा त्यांचा सवाल असतो. या सवालात प्रामाणिकपणा आहे, आणि त्यामागे कटू अनुभवही आहे. संवर्धनाच्या नावाखाली माणसांना देशोधडीला लावण्याचे प्रकार घडले आहेत, आणि त्यातील सर्वांत निर्लज्ज उदाहरण मॉरिशसच्याच दाराशी आहे.

चागोस द्वीपसमूह ब्रिटनने १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडला. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना हुसकावून लावण्यात आले. पुढे १ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने याच समुद्रात प्रचंड असे सागरी अभयारण्य घोषित केले. अभयारण्य झाले की मूळ रहिवाशांच्या परतीचा दावा निकालात निघेल, असे एका ब्रिटिश अधिकाऱ्याने अमेरिकनांना सांगितल्याचे त्याच वर्षी फुटलेल्या राजनैतिक तारेवरून जगाला कळले. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ही घोषणा बेकायदा ठरविली. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोसवरील ब्रिटनचा कारभार शक्य तितक्या लवकर संपला पाहिजे, असे मत दिले. माशांना संरक्षण आणि माणसांना हद्दपारी! लष्करी तळ मात्र जागच्या जागी! अशा संवर्धनाला विरोध करणे हे आपले कर्तव्यच आहे.

परंतु चागोस आणि इल-ओ-एग्रेत यांना एकाच मापाने मोजणे ही वैचारिक आळसाची खूण ठरेल. पहिल्या ठिकाणी निसर्ग राखायचा म्हणून बेटकऱ्याला बाहेर काढले. दुसऱ्या ठिकाणी बेटकऱ्याच्या हातांनीच निसर्ग राखला. मॉरिशसच्याच ताब्यातील रॉद्रिग्ज बेटावर नष्ट झाले असे मानलेले रानकॉफीचे एक झुडूप १९८० मध्ये सापडले. ते शोधले कोणा तज्ज्ञाने नव्हे. शिक्षकाने दाखविलेले चित्र ध्यानात ठेवणाऱ्या एका शाळकरी मुलाने. जेथे जनता ज्ञानाची वाटेकरी होते, तेथे संवर्धन हा जनतेचाच कार्यक्रम होतो.

मात्र वाटेकरी म्हणजे काय, हे नेमके सांगितले पाहिजे. जगभरच्या अशा संस्थांचा पैसा बहुतांशी देणग्यांचा आणि ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांचा असतो. मुदत संपली की निधी संपतो. तण मात्र उगवतच राहते, आणि ते उपटणारा माणूस उद्याच्या चिंतेत पडतो. २०२० मध्ये महामारीमुळे मॉरिशसचे पर्यटन थांबले, तेव्हा इल-ओ-एग्रेतच्या सहलींतून संस्थेला मिळणारे उत्पन्नही आटले. कायम गरजेचे काम तात्पुरत्या पैशावर चालविणे ही व्यवस्थाच सदोष आहे, आणि तिचा भार अखेर सर्वांत खालच्या कामगारावर पडतो. म्हणून राखणदार, रोपवाटिकेतील स्त्रिया, नावाडी, तण काढणारे मजूर यांना कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाई मिळाली पाहिजे. त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या नोंदी ज्या शोधनिबंधांत वापरल्या जातात, तेथे त्यांची नावे आली पाहिजेत. कोणते बेट, कोणती झाडे, कोणता क्रम, हे ठरविणाऱ्या बैठकीत त्यांची खुर्ची असली पाहिजे. या मागण्यांत परोपकार नाही, कामगार चळवळीच्या जुन्याच मागण्या आहेत.

आणि त्या केवळ मॉरिशससाठी नाहीत. ज्या रत्नागिरीतून गिरमिटिये गेले, तिच्या किनाऱ्यावर वेळाससारख्या गावांत आज कासवमित्र पहाटे वाळूतील घरटी शोधतात, अंडी कुंपणात राखतात आणि पिले समुद्रात सोडतात. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, कौतुक होते. राखणदाराच्या हाती मात्र हंगामापुरते मानधन पडते. आपल्या जंगलांत वणवा विझविणारे, फिरस्ती करणारे वनमजूर रोजंदारीवर उमेदीची वर्षे घालवितात. गिरणी कामगाराची, शेतमजुराची, हमालाची संघटना बांधणाऱ्या आपल्या चळवळीने या माणसांकडे कामगार म्हणून किती वेळा पाहिले, याचा हिशेब आपण स्वतःशी करावा.

वाकाशियोच्या तेलाला जनतेने पाचटाने अडविले. ज्या उसाने त्या बेटाचे जंगल खाल्ले, त्याच उसाचे पाचट बेट वाचविण्यास कामी आले, ते माणसांनी ते हातात घेतले म्हणून. त्या हातांना स्थैर्य, मान आणि निर्णयाचा अधिकार मिळवून देणे, हे निसर्गप्रेमींच्या बरोबरीने समाजवादी कार्यकर्त्याचेही काम आहे. सुरुवात आपल्या जवळच्या किनाऱ्यापासून आणि वनपरिक्षेत्रापासून करावी. तेथील राखणदार कोण आहे, त्याची हजेरी किती दिवसांची भरते आणि त्याला पगार कधी मिळतो, एवढे तरी पुढील बैठकीपूर्वी प्रत्येक शाखेने विचारून यावे.