खोक्यावर सगळे छापलेले असते, स्क्रीन सोडून

जानेवारीतल्या महापालिका निवडणुका संपल्या आणि संपादकीय टेबलावर पत्रांचा गठ्ठा येऊन पडला. थकलेल्या बिलांचे रडगाणे त्यात होतेच. ते प्रत्येक निवडणुकीनंतर असते. या वेळी मात्र अनेक पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. हंगामाच्या तोंडावर नवा लॅपटॉप घेतला, उमेदवाराच्या कचेरीत बसून त्यावरच पत्रक मंजूर करून घेतले, आणि छापील गठ्ठे पोचल्यावर भगव्यावरून भांडण झाले. स्क्रीनवर भगवा फिका दिसतो म्हणून ऑपरेटरने तिथल्या तिथे मॅजेंटा चढवला होता. प्लेटवर व्हायचे तेच झाले, भगव्याचा तांबडा झाला. फेरछपाईचा कागद अर्थात मुद्रकाच्या अंगावर.

ऑपरेटरला झापून झाले असेल तर आता मूळ गोष्टीकडे या. ते यंत्र निवडले कोणी? दुकानात जाऊन ‘आय-फाइव्ह, 16 जीबी, 512 एसएसडी’ एवढा मंत्र म्हणून मालकच ते घेऊन आले. जिच्यावर आपला सारा धंदा, त्या स्क्रीनविषयी एक प्रश्नही विचारला नाही. मधल्या किमतीच्या बहुसंख्य लॅपटॉपांना आजही 45 टक्के एनटीएससीचे, 250 निट्सचे पॅनेल येते. म्हणजे एसआरजीबीचासुद्धा जेमतेम दोन-तृतीयांश भाग. मग आपल्या सीएमवायकेमधला भरीव सायन किंवा कुंकवाचा लाल त्यावर दिसणार कसा? कॅलिब्रेटर लावून हे सुटत नाही. पॅनेलला जो रंग दाखवताच येत नाही, तो कॅलिब्रेटर कुठून आणणार? एसआरजीबी पूर्ण दाखवणारे, म्हणजे 72 टक्के एनटीएससीच्या आसपासचे पॅनेल ही आपल्या कामाची किमान अट आहे. त्याखालचे यंत्र बिले काढायला ठेवा.

आता ही अट घेऊन बाजारात जाऊन बघा. एकाच मालिकेच्या, एकाच नावाच्या लॅपटॉपचे डझनभर पार्ट नंबर असतात, आणि पॅनेल ठरते ते पार्ट नंबरवर. जाहिरातीत लिहिलेले असते ‘फुल एचडी, आयपीएस, अँटी-ग्लेअर’. यातला एकही शब्द रंगाविषयी काही सांगत नाही. विक्रेत्याला विचारा, तो ब्राइटनेस पूर्ण चढवून निसर्गदृश्याचा व्हिडिओ लावतो आणि म्हणतो, ‘बघा साहेब, कलर कसा आहे!’ शोकेसमधला नग एका पार्ट नंबरचा आणि सीलबंद खोक्यातला दुसऱ्याच, हेही वाचकांनी कळवले आहे.

त्या खोक्यावर काय काय असते ते बघण्यासारखे आहे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, मूळ देश, तक्रारीसाठी फोन. शिवाय बीआयएसचा नोंदणी क्रमांक. नियमाला धरून सगळे काटेकोर. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते छापावे लागते. पाऊण लाखाच्या यंत्राच्या खोक्यावर पॅनेल किती टक्क्यांचे, रॅम बोर्डावर डकवलेली की स्लॉटमध्ये, हे छापायची सक्ती कोणालाच नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले, 2024 मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी समिती नेमली. समितीने 2025 मध्ये अहवालही दिला, आणि सुरुवात स्मार्टफोन-टॅबलेटपासून करा अशी शिफारस केली. लॅपटॉपचा नंबर केव्हा लागायचा? साहेबांच्या टेबलावरचा लॅपटॉप बिघडला की सरकारी खर्चाने दुसरा येतो, म्हणून त्यांना घाई नसावी.

रॅमचे सांगायलाच हवे, कारण बाजार फिरला आहे. 8 जीबीचे यंत्र घ्यायचे आणि रिकाम्या स्लॉटमध्ये बाहेरून आणखी 8 टाकायची, हा आपल्या मंडळींचा जुना रिवाज. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यापासून सुटी रॅम भडकली आहे. डिसेंबरात तर मायक्रॉनने क्रूशल या नावाची किरकोळ विक्रीच बंद करणार असल्याचे जाहीर केले. तेव्हा 16 जीबी घेतानाच घ्या. यंत्रात एलपीडीडीआर प्रकारची मेमरी असेल तर ती बहुधा बोर्डावर डकवलेलीच असते. तिथे नंतरचा विचार करायची सोयच नाही. एसएसडीची तेवढी चिंता नको, ती पुढे बदलता येते. फक्त दुसरा एम-टू स्लॉट आहे का, आणि आहे तो 2280 लांबीचा की आखूड, एवढे विचारून ठेवा.

प्रोसेसरवर मात्र आपण उगीच जीव टाकतो. कोरलमधले चार पानी पत्रक आणि इनडिझाइनमधला दिवाळी अंक यांना गेल्या तीन-चार वर्षांतला कोणताही बरा प्रोसेसर पुरतो. नाव तेवढे पूर्ण वाचा. रायझेन 5 7520यू आणि 7530यू हे भाऊ वाटतात, पण तिसरा आकडा पिढी सांगतो आणि पहिल्याचा गाभा झेन 2 चा, म्हणजे जुना आहे. इथे वाचवलेले पैसे पॅनेलवर घाला.

मराठी डीटीपीवाल्यांसाठी आणखी दोन सापळे आहेत, आणि हे इंग्रजी परीक्षणांत सापडायचे नाहीत. पहिला स्नॅपड्रॅगनवाल्या एआरएम लॅपटॉपचा. बॅटरी दिवसभर चालते, वजन हलके, विक्रेता खूश. पण जुनी सॉफ्टवेअरे त्यावर अनुकरणाने चालली तरी ड्रायव्हर चालत नाहीत. ते एआरएमसाठी वेगळे लिहिलेले लागतात. तुमच्या फॉन्ट-सॉफ्टवेअरचे यूएसबी लॉक, आरआयपीचे लॉक, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर यांतले काय अडेल हे घेण्याआधी उत्पादकाकडून लेखी घ्या. दुसरा सापळा कीबोर्डचा. जुन्या फॉन्टांत आल्ट दाबून आकडे टाइप करून जोडाक्षरे काढणारे ऑपरेटर अजून निम्म्या प्रेसमध्ये आहेत. 14 इंची यंत्राला आकड्यांचा कीपॅड नसतो. अडीचशे-तीनशे रुपयांचा सुटा कीपॅड हा त्यावर उपाय आहे, पण तो खरेदीच्या दिवशीच घ्या. नाहीतर पहिल्या रात्रपाळीत ऑपरेटर तुमच्या नावाने बोटे मोडेल.

ऑर्डरप्रमाणे बांधून देणारी यंत्रे मिळत नाहीत असे नाही. मोठ्या कंपन्यांच्या व्यावसायिक मालिकांत पॅनेल, रॅम, कीबोर्ड निवडायची सोय असते आणि चांगल्या पॅनेलसाठी काही हजारच जादा पडतात. अडचण अशी की यंत्र हाती यायला काही आठवडे लागतात, आणि आपण खरेदीला निघतो ते काम अंगावर पडल्यावर. बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालायलाही त्याच घाईत विसरतो. 70,000 च्या यंत्रात 10,678 रुपये कर असतो. वैयक्तिक नावाने बिल फाडले की त्याचे क्रेडिट गेले. (कंपोझिशनवाल्यांनी हे वाचले नाही तरी चालेल.) आणि घसारा मिळावा म्हणून मार्चअखेरीस धावणाऱ्यांनो, यंत्र त्या वर्षात 180 दिवसांहून कमी वापरले तर 40 ऐवजी 20 टक्केच मिळतो.

जिल्हा मुद्रक संघांना आमचे सांगणे आहे की वार्षिक सभेत हारतुरे झाल्यावर अर्धा तास यासाठी काढा. ग्राहक व्यवहार विभागाकडे एका ओळीची मागणी करणारा ठराव पाठवा: लॅपटॉपच्या खोक्यावर पॅनेलची रंगक्षमता आणि रॅमचा प्रकार छापणे सक्तीचे करा. संघाच्या खर्चाने एक कॅलिब्रेटर घ्या आणि सभासदांत फिरवा. आणि वाचकहो, तुमच्या लॅपटॉपच्या बुडाशी चिकटवलेला पूर्ण पार्ट नंबर, तसेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या हार्डवेअर आयडीत दिसणारा पॅनेलचा कोड लिहून आम्हाला पाठवा. कॅलिब्रेटरने मोजलेली टक्केवारी असेल तर तीही द्या. येईल ती माहिती यादी करून याच पानावर छापू. दिवाळी अंकांचा हंगाम लागायच्या आत ती आपल्या हाती असायला हवी, तेव्हा पत्रे 31 मेपूर्वी टाका.