मोठ्या छिद्राची नोझल कोणाच्या फायद्याची?



कापूस वेचणीला आला की गावात दोन माणसे हमखास दिसू लागतात. एक खेडा खरेदीवाला. त्याच्या काट्याबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. दुसरा नोझलवाला. ट्रॅक्टर लोड ओढत नाही, ॲव्हरेज देत नाही अशी कुरकुर कानावर आली की तो सांगतो, मोठ्या छिद्राची नोझल टाका, पंपाचा स्क्रू थोडा खोलू, डिझेल कमी लागेल आणि ट्रॉली फुलासारखी निघेल. बैलाला दुप्पट ढेप चारायची आणि ढेपेचे पोते मात्र जास्त दिवस पुरेल म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. तरीही आपण फसतो. कारण स्क्रू खोलल्यावर पहिले चार दिवस ट्रॅक्टर खरोखर जोरात उचलतो, सायलेन्सरमधून काळा लोट निघतो आणि आपल्याला वाटते, आली ताकद.

तो काळा लोट म्हणजे आपण रोख पैसे देऊन आणलेले आणि न जळता बाहेर गेलेले डिझेल आहे. डिझेल जळायला हवा लागते. इंजिनात जेवढी हवा शिरते तेवढेच डिझेल नीट जळते. टर्बो असलेल्या इंजिनात हवा थोडी शिल्लक असते, तिथे जास्त डिझेलातून काही ताकद निघते, हे आम्ही नाकारत नाही. पण आपल्या बहुतेक पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरांना टर्बो नाही. तिथे जादा डिझेल जाते कुठे? काही धुरात जाते. काही लायनरवरचे ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरते. काडी काढून पाहिली की ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते आणि आपण खूश होतो, गाडी ऑइल खात नाही म्हणून! ते पातळ झालेले ऑइल बेअरिंगा खाते. मोठ्या चढावर, भरल्या ट्रॉलीने, उशिरा जळणाऱ्या डिझेलाच्या उष्णतेने पिस्टनचे डोके वितळल्याची उदाहरणे आमच्या तालुक्यात आहेत. तेव्हा नोझलवाला फोन उचलत नाही.

मुळात हे यंत्र आहे कसे, ते पाहू. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरात किंवा ४०७ मध्ये किती डिझेल सोडायचे हे पंप ठरवतो. ज्याला आपले मेस्त्री ॲटमायझर म्हणतात, तो इंजेक्टर ते डिझेल किती बारीक आणि कोणत्या कोनात उडवायचे हे ठरवतो. दोनशे-अडीचशे बार दाब झाला की स्प्रिंग दबते, नोझलची सुई उचलली जाते आणि मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या छिद्रांतून फवारा सुटतो. सुई आणि तिचे घर यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची, म्हणजे माणसाचा केस तिच्यापुढे दोरखंड. छिद्र मोठे केले की थेंब जाड होतो, फवारा पिस्टनच्या वाटीत बसण्याऐवजी भलतीकडे आदळतो आणि ॲव्हरेज तिथेच मरते. म्हणून चांगली नोझल कोणती, या प्रश्नाला आमचे उत्तर एकच आहे: त्या इंजिनाच्या पुस्तकात जो नंबर दिला आहे तीच, त्या पंपाशी जुळणारी, खात्रीच्या दुकानातून बिल घेऊन आणलेली. नंबर नोझलच्या अंगावर कोरलेला असतो. मायको कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तिच्या नोझला आपल्याच नाशकात बनतात, तरी अजून आपण मायकोची नोझल द्या म्हणतो; आणि या सवयीचा फायदा घेऊन तसल्याच रंगाच्या खोक्यात भलताच माल देणारेही बसले आहेत.

आता पैशाचा हिशेब. चांगल्या अवस्थेतले ट्रॅक्टरचे इंजिन एक हॉर्सपॉवर तासभर द्यायला साधारण १८५ ग्रॅम डिझेल घेते. लिटर म्हणजे ८३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका लिटरात साडेचार हॉर्सपॉवर-तास काम. समजा टपकणाऱ्या नोझलांमुळे हेच खाणे २२५ ग्रॅमवर गेले, तर तेवढ्याच कामाला पाचव्या हिश्श्याने जास्त डिझेल. ज्याचा ट्रॅक्टर दिवसाला बत्तीस लिटर पितो, त्याचे रोज सहा-सात लिटर जातात. नांगरटी, वखराच्या पाळ्या, कडब्याची ओढ आणि कापूस जिनिंगपर्यंत नेणे, एवढे सगळे धरा आणि मग सांगा, तीन नोझला तपासून घ्यायला महाग का वाटते?

ट्रॅक्टर नवा घ्यायचा असेल तर सेल्समनच्या ॲव्हरेजवर जाऊ नका. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात त्या मॉडेलचे डिझेलचे खाणे आणि हुकावरची ओढशक्ती आकड्यांत लिहिलेली असते. तो अहवाल मागा. ओढायला इंजिन कमी फेऱ्यांवर किती पीळ देते ते महत्त्वाचे, पाटीवरची हॉर्सपॉवर नव्हे. आणि जाता जाता: आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. ओढण्याची ताकद वाढवायला निघालेल्याने उतारावर ती ट्रॉली थांबवणार कोण, तेही विचारून घ्यावे.

डिझेल महाग, म्हणून ॲव्हरेजचे वेड, आणि त्या वेडावर नोझलवाल्याचा धंदा. पण डिझेल महाग का? १८ ऑक्टोबर २०१४ ला सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला, असे आपल्याला सांगितले गेले. बाजार म्हणजे भाव वर जातो तसा खालीही यायला हवा. मे २०२० मध्ये जगभर कच्चे तेल मातीमोल झाले होते. तेव्हा केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे एका फटक्यात १३ रुपयांनी वाढवला आणि स्वस्ताई तिजोरीत वळती केली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले, तेव्हा मात्र जाहिराती झाल्या. कापसाचा भाव पडतो तेव्हा तो बाजार असतो, डिझेलचा पडायला लागला की सरकार मध्ये उभे राहते. कारखानदार यंत्रावर भरलेल्या जीएसटीची वजावट घेतो. आपल्या डिझेलावरचा कर जीएसटीच्या बाहेर आणि आपल्याला वजावट नाहीच.

दुसरा फास नव्या यंत्रांचा आहे. एप्रिल २०२० पासूनच्या पिकअप गाड्या आणि १ जानेवारी २०२३ पासूनचे ५० हॉर्सपॉवरच्या वरचे ट्रॅक्टर धुराच्या नव्या नियमात आले. आता त्यांत बहुतेक कॉमन रेल आहे. दाब हजार बारच्याही पुढे, आणि डिझेल किती सोडायचे ते इंजेक्टर कॉम्प्युटरच्या हुकमाने ठरवतो. धूर कमी व्हावा याला आमचा विरोध नाही, तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. विरोध कुलपाला आहे. कित्येक गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्याच्यावरचा कोड कॉम्प्युटरला द्यावा लागतो, आणि तो देणारे यंत्र शोरूमकडे. गावातला मेस्त्री, ज्याने तीस वर्षे आपली इंजिने बांधली, तो हात चोळत बसतो आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर टोचन लावून जिल्ह्याला न्यावा लागतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांच्या कंपन्यांवर सुटे भाग, माहितीपुस्तके आणि तपासणीची साधने शेतकऱ्याला व स्वतंत्र मेस्त्रीला देण्याचे बंधन घातले. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ काढले, त्यात शेतीयंत्रांचे नावही घातले. संकेतस्थळाने इंजेक्टरचा कोड बसत नाही. बंधन घालणारा कायदा पाहिजे, ही आपली मागणी आहे.

तोवर आपल्या हातातले करू. जुन्या ट्रॅक्टराचा कोणता सिलिंडर मार खातो हे पाहायला, इंजिन मंद चालू ठेवून एकेका पाइपाचे नट ढिले करावे. ढिले केल्यावर इंजिन अडखळले तर तो सिलिंडर काम करतो आहे. फरक पडला नाही तर दोष तिथे. कॉमन रेलवर हा प्रयोग अजिबात करू नका, जीव जाईल. नोझल हातपंपावर आपल्यासमोर तपासून घ्या: पुस्तकातल्या दाबाला सुटते का, सगळ्या छिद्रांतून सारखी उडते का, सुटल्यावर टपकते का. फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, डिझेल कातडी फोडून आत शिरते आणि बोट कापावे लागते. तांब्याचा वायसर दर वेळी नवा, आणि खाली जुना चिकटलेला नाही ना, हे बॅटरीने पाहा. आणि नोझलवर खर्च करण्याआधी एअर क्लीनरचे ऑइल व डिझेलचा फिल्टर बदला. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत निम्मा धूर तेवढ्यानेच जातो असा आमचा अनुभव आहे.

जिल्हा मेळाव्याला येताना काढून टाकलेल्या नोझला आणि त्यांची बिले बरोबर आणा. मंडपाच्या मागे तपासणीचा हातपंप आणि दोन मेस्त्री बसवणार आहोत. ज्या नोझला बाद म्हणून बदलल्या आणि तिथे ठीक निघतील, त्यांची बिले वेगळी काढू आणि त्या त्या दुकानात सगळे मिळून जाऊ.