मधल्या इयत्तांतील खेळ : वेळेचा अपव्यय की विद्येची वाट?

शाळेतून परतलेल्या मुलास घरातील वडील मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात, "आज काय शिकवले?" मूल पहिली-दुसरीत असेल आणि "आज आम्ही खेळलो" असे म्हणाले, तर आजोबा कौतुकाने त्याच्या पाठीवरून हात फिरवितात. तेच उत्तर सहावी-सातवीतील नातवाने दिले की कपाळास आठी पडते. "शाळा काय खेळावयासाठी आहे?" असा सवाल माजघरापर्यंत ऐकू जातो आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती गुरुजींना द्यावयाची चिठ्ठी पडते. ही आठी कितपत योग्य, याचा विचार या महिन्याच्या सदरात करावयाचे आम्ही योजिले आहे.

बालवयात खेळ हेच शिक्षण, हा सिद्धांत आता आपल्या घरांतून रुजला आहे. त्याचे श्रेय फार मोठ्या माणसांकडे जाते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहवासात तयार झालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे तीच ज्योत खेड्यापाड्यांतील आणि आदिवासी मुलांपर्यंत नेली. मादाम माँटेसरी १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि त्यांच्या साधनांची ओळख आपल्या शिक्षकांस प्रत्यक्ष त्यांच्याकडून झाली. एवढे सर्व झाले, तरी आपण मनाशी एक रेघ ओढून ठेवली ती ठेवलीच: सहा-सात वर्षांपर्यंत खेळ, पुढे पुस्तक. ही रेघ गिजुभाईंनी मात्र ओढलेली नव्हती. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक आपले सारे प्रयोग करतो ते चौथीच्या वर्गावर, बालवर्गावर नव्हे.

पाचवी ते आठवी हा काळ मोठा नाजूक असतो. गणितात अपूर्णांक आणि बीजाक्षरे येतात. भूगोल गावाची वेस ओलांडून जगभर पसरतो. इतिहासात सनावळ्या येतात. नेमक्या याच वेळी मुलाच्या हातून वस्तू काढून घेतली जाते व केवळ शब्द उरतो. जे मूल शब्दांवर पकड ठेवू शकते ते पुढे जाते. बाकीची मुले वर्गात बसलेली दिसतात, पण मनाने केव्हाच उठून गेलेली असतात. आपल्या खानदेशात तर अनेक मुलांच्या घरची बोली अहिराणी, भिली किंवा पावरी असते. त्यांस पुस्तकी मराठी हीच एक निराळी भाषा वाटते. अशा मुलांचे मौन म्हणजे अज्ञान नव्हे. पण परीक्षेच्या कागदावर त्याची नोंद अज्ञान म्हणूनच होते. खेळाचा प्रश्न करमणुकीचा नसून या मुलांचा आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

आता कोणी म्हणेल, हे सारे परदेशी वारे आहे. त्यास आम्ही चाळीसगावाजवळच्या पाटणास जाऊन येण्याची विनंती करू. तेथील शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, असे तो लेख सांगतो. त्या ग्रंथांपैकी 'लीलावती' ११५० सालची. तिच्यातील गणिते पाहिली म्हणजे आचार्यांस शिकणाऱ्याचे मन किती ठाऊक होते हे कळते. कोठे भुंग्यांचा थवा निरनिराळ्या फुलांवर वाटला जातो, तर कोठे खांबावरचा मोर बिळाकडे धावणाऱ्या सापावर झेप घेतो. एका गणितात ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडतो, त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीस टेकतो आणि आचार्य विचारतात, बांबू किती उंचीवर मोडला?

सातवीच्या मुलांस हे गणित फळ्यावर मांडून दाखविले तर दोघे-चौघे सोडवितील. त्याऐवजी ३२ वितींची एक दोरी द्यावी, भिंतीशी बुंधा मानावा, जमिनीवर १६ वितींची खूण करावी आणि म्हणावे, "आता मोडा बांबू!" कोणी दोरी ८ वितींवर मोडतील, ती खुणेच्या पलीकडे जाईल, कोणी १५ वर मोडतील, ती खुणेपर्यंत पोचणार नाही. चुकत-माकत १२ वर दोरी बरोबर बसते आणि मोडलेला भाग २० वितींचा उरतो. मग १२, १६ आणि २० यांचे वर्ग मांडावयास लावावे. पहिल्या दोहोंची बेरीज ४०० आणि तिसऱ्याचा वर्गही ४००, हे पाहून ज्याचे डोळे चमकत नाहीत असे मूल विरळा. पुस्तकातील सिद्धांत त्यानंतर वाचावा. तो ओळखीचा वाटतो.

अमळनेरचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत तेथील शाळेत शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढीत. शिकविणे वर्गाच्या चार भिंतींत मावत नाही आणि मुलास आपलेसे वाटणारे वाचावयास मिळाले की त्यास वाचनाची गोडी निराळी लावावी लागत नाही, हे त्यातून दिसते.

आता 'अध्ययन-कोपरे' म्हणून ज्यास म्हणतात ते काय, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत हेलन पार्कहर्स्ट या बाईंनी १९२० च्या सुमारास डाल्टन पद्धती मांडली. तीत विषयवार खोल्या असत आणि मूल आपले काम घेऊन त्या त्या खोलीत जाई. आपल्या शाळांस इतक्या खोल्या कोठून असणार? पण खोलीस कोपरे असतात. एका कोपऱ्यात मोजमापाची साधने, दुसऱ्यात नकाशे, तिसऱ्यात वाचन-लेखन, चौथ्यात विज्ञानाचे साहित्य, आणि पाचव्या ठिकाणी स्वतः गुरुजी.

याचा हिशेब पाहण्याजोगा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले आहे. ३५ मिनिटांच्या तासात गुरुजींनी प्रत्येकाकडे लक्ष द्यावयाचे म्हटले तर एका मुलाच्या वाट्यास एक मिनिट येते. तेच सात-सात मुलांचे पाच गट केले, गुरुजी एका गटापाशी बसले आणि बाकीचे चार गट आपापल्या कोपऱ्यात कामास लागले, तर त्या सातांपैकी प्रत्येकास पाच मिनिटे मिळतात. रोज गट फिरवीत गेले की पाच दिवसांत प्रत्येक मूल प्रत्येक कोपऱ्यात एकदा आणि गुरुजींपाशीही एकदा बसते. शनिवारी सर्वांनी मिळून आठवड्याचे काम पाहावे. कोपऱ्यांचा खरा लाभ हा आहे. गुरुजींची दृष्टी जेथे कधी पोचत नव्हती त्या मुलापर्यंत ती आठवड्यातून एकदा तरी पोचते.

गटातील खेळ कसा असावा, याचा एक नमुना आमच्या पांझरेकाठचाच देतो. धुळे भागातील जुनी फड-बागाईत कित्येक वाचकांस ठाऊक असेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे. शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. ही व्यवस्था आता पूर्वीसारखी उरलेली नाही. परंतु तिच्यातील शहाणपण सहावीच्या मुलांस अवश्य शिकवावे.

जमिनीवर खडूने चार फड आखावे आणि प्रत्येकाचे सहा पट्टे करावे. सहा मुले शेतकरी व सातवे पाटकरी. प्रत्येक शेतकऱ्यास प्रत्येक फडात एक पट्टा. पाणी म्हणून चिंचोके घ्यावे. एका फडास उसासाठी १२ चिंचोके लागतात, गव्हासाठी ६, हरभऱ्यासाठी ३. पड ठेवल्यास काहीच नाही. (हे आकडे खेळापुरते समजावे.) चांगल्या वर्षी बंधाऱ्यात २४ चिंचोके. मुले सहज जुळवितात: एक फड ऊस, एक गहू, दोन हरभरा. दुसऱ्या वर्षी अवर्षण. चिंचोके १२ च. आता काय करावे? ऊस घ्यावा तर तीन फड कोरडे पडतात. गहू आणि दोन फड हरभरा घ्यावा तर एकच फड पड राहतो. येथे वाद होतो आणि तो होऊ द्यावा. प्रत्येकाचा पट्टा प्रत्येक फडात असल्याने नुकसान होते ते सर्वांचे सारखे होते, म्हणून शेवटी तडजोडही होते.

मग खेळ पुन्हा मांडावा. मात्र या वेळी पट्टे बदलावे. पाटाच्या तोंडाशी असलेला फड एकट्याचा, शेवटचा फडही एकट्याचा. अवर्षणाचे वर्ष आले की तोंडाशी बसलेला मुलगा हटून बसतो आणि शेवटचा रडकुंडीस येतो. गुणोत्तर व भागाकार तर मुले शिकतातच. पण जमीन विखरून का वाटली असावी, हेही त्यांस कोणी न सांगता कळते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील 'समान वाटप' हा शब्द त्या दिवसापासून त्यांच्यापुरता जिवंत होतो.

दुसरा खेळ आमच्या भगिनींच्या परिचयाचा आहे. भुलाबाईची गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखावयाचा असतो. गोड की तिखट, ओला की कोरडा, असे विचारीत मुली डब्याच्या आत पोचतात. विज्ञानाच्या कोपऱ्यात डब्यात खाऊऐवजी एखादे बी, धातूचा तुकडा किंवा पान झाकून ठेवावे आणि केवळ 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर द्यावे. दहा प्रश्नांत वस्तू ओळखावयाची तर प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यतांपैकी निम्म्या गळाल्या पाहिजेत, हे मुलास आपोआप उमगते. शास्त्रीय वर्गीकरण म्हणतात ते हेच.

भाषेच्या कोपऱ्यात घरच्या बोलीस मज्जाव नसावा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या त्यांच्या चिरंजीवांनी व आप्तांनी टिपून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रास मिळाल्या. मुलांनी आजीच्या तोंडच्या म्हणी व कोडी बोलीत जशाच्या तशा उतरवून आणाव्या आणि शेजारी प्रमाण मराठीत अर्थ लिहावा. एरवी गप्प बसणारे मूल या कोपऱ्यात इतरांचा गुरू होते. इतिहासाच्या कोपऱ्यात घरातील जुनी पावती, जुने पत्र, जुनी सनद यांच्या नकला ठेवाव्या. इतिहासाचार्य राजवाडे असेच कागद गावोगाव हिंडून जमवीत, आणि त्यांच्या नावे १९२७ साली स्थापन झालेले संशोधन मंडळ धुळ्यातच आहे.

येथवर गुण सांगितले. आता दोषांकडेही पाहिले पाहिजे. प्रत्येक खेळ शिक्षण नव्हे. ज्या खेळात फाशाच्या दानावरच सर्व अवलंबून असते त्यात नशीब जिंकते, बुद्धी स्वस्थ बसते. ज्यात पहिल्याने उत्तर देणाऱ्यासच गुण मिळतात त्यात नेहमीचे चार हुशार जिंकतात आणि मागे राहणारा आणखी मागे जातो. विषय समजल्यावाचून सोंगटी पुढे सरकणार नाही असाच खेळ निवडावा, आणि खेळ संपल्यावर "काय केले व का केले" याची चर्चा अवश्य व्हावी. ती गाळली तर आजोबांची आठी योग्यच ठरते. कोपऱ्यातील कामाच्या पत्रिकेमागे उत्तर असावे, म्हणजे मुलास स्वतः ताळा घेता येतो. आरंभी काही आठवडे गलका होईल. पण शिस्त अंगवळणी पडण्यास तेवढा काळ लागणारच. पाढे, शुद्धलेखन आणि पाठांतर यांचे स्थानही खेळाने हिरावून घेऊ नये.

सरकारी धोरणही आता या वाटेस अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तरावाचून, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याचे सुचविले आहे. परंतु धोरणाने कोपरे सजत नाहीत. पत्रिका लिहावयास, चिंचोके मोजावयास, दोऱ्या कापावयास शिक्षकाची संध्याकाळ खर्ची पडते, आणि ती कोणाच्या वेतनात धरलेली नसते.

येथेच आपल्या एकत्र कुटुंबांस काही करता येण्यासारखे आहे. घरात निवृत्त आजोबा असतात, सुंदर अक्षराची काकू असते, सुतारकामाची हौस असलेला काका असतो. महिन्यातील एक संध्याकाळ शाळेस दिली तर वीस पत्रिका सहज तयार होतात. माळ्यावर पडलेली मापटी, शेर, जुना तराजू, मोडके घड्याळ ही शाळेच्या कोपऱ्यात संपत्ती ठरते. आजींस पायली-आदमणाची कोष्टके तोंडपाठ असतात; त्या एखाद्या दुपारी वर्गात जाऊन बसल्या तर दशमान पद्धतीचे महत्त्व मुलांस पुस्तकाहून लवकर पटेल.

आणखी एक गोष्ट तर अगदी विनाखर्चाची आहे. मुलगा किंवा मुलगी "आज आम्ही खेळलो" असे म्हणेल तेव्हा चिठ्ठी लिहावयास बसण्यापूर्वी, "तो खेळ मला शिकव पाहू," एवढे म्हणावे. मुलास तो नियमांसह व कारणांसह शिकविता आला, तर शाळेने आपले काम केले असे समजावे. शिकविता आला नाही, तर गुरुजींस अवश्य भेटावे. मात्र तक्रार करावयास नव्हे, खेळ समजून घ्यावयास जावे.