तुकडा काढण्याची घाई नको

गेल्या आठवड्यात एक जोडपे दवाखान्यात आले. लग्नाला सात वर्षे झालेली. सुनेच्या तपासण्यांची जाडजूड फाईल सासूबाईंच्या हातात. तिची दुर्बिणीतून तपासणी दोनदा झाली होती. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी मात्र सातव्या वर्षी! वीर्यात शुक्राणू नाहीत, असा रिपोर्ट आला आणि लगेच वृषणाची बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, ठरली. "डॉक्टर, उद्याच उरकून टाकू का?" मी थांबवले.

एका रिपोर्टवर विसंबू नये. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्य पुन्हा तपासावे. मग तज्ज्ञाने वृषणांचा आकार पाहावा, शुक्रवाहिन्या चाचपाव्यात (काहींना त्या जन्मतःच नसतात), रक्तातील एफएसएच मोजावे. वृषण लहान आणि एफएसएच बरेच वाढलेले असेल, तर शुक्राणू तयार होण्यातच दोष आहे हे बहुधा तुकड्याविना कळते. दोन्ही ठीक असून उलगडा होत नसेल, तर बायॉप्सीचा उपयोग.

ती करायचीच, तर तिथे शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय आहे का, हे आधी विचारा. १९९२ साली जगापुढे आलेल्या इक्सी पद्धतीत एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात. सोय नसेल तर सापडलेलेही वाया जातात, आणि पुन्हा चिरफाड. शिवाय एका तुकड्यात मिळाले नाहीत, म्हणजे वृषणात कुठेच नाहीत असे नव्हे.

त्या गृहस्थांना सोमवारी पुन्हा बोलावले आहे. सासूबाईंना म्हटले, सुनेची फाईल आता कपाटात ठेवा.