देयक ऑनलाइन, मोजमाप मात्र वहीत

बांधकामाच्या जागेवरचे बिल संगणकावर चढले की हिशेब आपोआप जुळेल, अशी समजूत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. जागेवरील कामाची नोंद ठेवणारी प्रणाली एकीकडे, टॅली किंवा झोहो बुक्ससारखी हिशेबाची प्रणाली दुसरीकडे आणि दोहोंना जोडणारा दुवा मध्ये. दुकानदाराच्या बाबतीत ही समजूत बऱ्याच अंशी खरी ठरते. बांधकामाचे बिल मात्र या साच्यात बसत नाही आणि त्याची झळ बहुधा साखळीतील सर्वांत लहान घटकाला, म्हणजे उपकंत्राटदाराला, बसते.

गिलाव्याचे किंवा सेंट्रिंगचे काम घेणाऱ्याचे बिल 'रनिंग' असते. आजवरचे एकूण काम दाखवून त्यातून आधीच्या बिलांची रक्कम वजा केली जाते. समजा, तिसऱ्या बिलात एकूण काम 40 लाखांचे आहे आणि आधीची दोन बिले 28 लाखांची. म्हणजे हे बिल 12 लाखांचे. जोडणी करणाऱ्याने 'एकूण' हाच रकाना बिलाची रक्कम म्हणून जोडला, तर हिशेबात 40 लाख चढतात. ही चूक निदान डोळ्यांत भरते. पुढच्या चुका तशा भरत नाहीत.

12 लाखांवर 18 टक्के जीएसटी धरून बिल होते 14 लाख 16 हजारांचे. मूळ रकमेच्या 5 टक्के, म्हणजे 60 हजार, 'रिटेन्शन' म्हणून राखून ठेवले जातात. उपकंत्राटदार भागीदारी संस्था असेल, तर 2 टक्के टीडीएसचे 24 हजार कापले जातात. हाती येतात 13 लाख 32 हजार. राखलेले 60 हजार कामातील दोषांची हमी संपल्यावर मिळायचे असतात. त्यांचे वेगळे खाते उघडलेले नसेल, तर प्रणाली ती रक्कम थकबाकी म्हणून दाखवत राहते. मार्चअखेरीस वैतागलेला एखादा कारकून ती 'सूट' या सदरात टाकून मोकळा होतो. दोन वर्षांनी ते पैसे मागायचे होते, याची आठवण कोणाला राहणार?

खरी अडचण मोजमापाची आहे. बिल पाठवले 12 लाखांचे, अभियंत्याने मंजूर केले 11 लाखांचे, हे या धंद्यात नित्याचेच. पूर्वी बिल फाडून नवे लिहीत असत. वार्षिक उलाढाल 5 कोटींवर असलेल्या व्यावसायिकांना, व्यवहार दुसऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाशी असल्यास, 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे आणि पोर्टलवर मिळालेला क्रमांक 24 तासांतच रद्द करता येतो. त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते. कंपन्यांच्या हिशेब-प्रणालीत 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक फेरफाराचा माग राहणे बंधनकारक असल्याने सारवासारवही झाकून राहत नाही.

दरम्यान कराची तारीख थांबत नाही. मासिक विवरण भरणाऱ्याला पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत कर भरावा लागतो, मग मुख्य कंत्राटदाराकडून एक पैसाही आलेला नसो. मुख्य कंत्राटदाराला मात्र बिल पोर्टलवर दिसले की करवजावट घेता येते. 180 दिवसांत पैसे चुकते केले नाहीत तर ती परत करावी लागते, पण सहा महिने म्हणजे लहान उपकंत्राटदाराला मजुरीच्या कितीतरी आठवड्यांचा घोर. सरकारी कामांतही निराळे चित्र नाही. थकीत देयकांसाठी राज्यातील ठेकेदारांना 2024 आणि 2025 मध्ये आंदोलने करावी लागली. त्यांची बिले संगणकावर नव्हती म्हणून पैसे अडले, असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून जोडणी बिलापासून नव्हे, मंजूर मोजमापापासून सुरू व्हावयास हवी. दोन्ही पक्षांच्या सहीचे मोजमाप झाल्याखेरीज हिशेबात काहीच उतरू नये, बिलाचा क्रमांक एकाच प्रणालीत तयार व्हावा आणि राखीव रकमेचे खाते उपकंत्राटदारालाही पाहता यावे. शेवटची गोष्ट तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपी, पण देण्याची तयारी सर्वांत कमी. कायद्याची आडकाठी नाही. सलग चालणाऱ्या सेवेत देय रक्कम एखादा टप्पा पूर्ण होण्याशी करारानेच बांधलेली असेल, तर कर-बिल त्या टप्प्याच्या पूर्ततेपर्यंत काढता येते. तोवर जागेवरून जाते ते केवळ कच्चे बिल. मात्र मोजमाप किती दिवसांत मंजूर करायचे, तो आकडा करारात लिहिलेला असावा लागतो. बहुतेक ठिकाणी ती जागा कोरीच सोडलेली आढळते.