दारावरचं डाळिंब

मूर्ती ओळखायची असेल तर आपण आधी चेहरा बघत नाही, हात बघतो. शंख, चक्र, गदा, पद्म यांपैकी कोणत्या हातात काय आहे, यावरून विष्णूच्या चोवीस रूपांपैकी हा केशव, हा माधव, हा त्रिविक्रम असं जाणकार सांगतात. आपल्याला एवढं जमत नाही. पण उंदीर दिसला की गणपती आणि त्रिशूळ दिसला की शंकर, हे घरातलं लहान मूलही सांगतं. या वेळी ज्या व्हिडिओ गेमबद्दल लिहिते आहे, तो सगळा अशाच ओळखीवर चालतो. फरक एवढाच की तिथले देव ग्रीक आहेत, आणि तिथे त्रिशूळ दिसला तर तो समुद्रदेव पोसायडनचा.

गेमचं नाव ‘हेडीस’. अमेरिकेतल्या सुपरजायंट गेम्स या छोट्याशा कंपनीने तो केला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी तो अर्धाकच्चाच लोकांच्या हाती दिला, खेळणाऱ्यांचं ऐकत सुधारत नेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण करून बाजारात आणला. २०२१ च्या ह्यूगो पुरस्कारांत व्हिडिओ गेमसाठी एक खास विभाग ठेवला होता, तो पुरस्कार यालाच मिळाला. ह्यूगो हा विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा मोठा मान, म्हणजे कौतुक नुसत्या मारामारीचं झालेलं नाही, गोष्टीचंही झालं.

गोष्ट घरगुतीच आहे. हेडीस हा पाताळाचा राजा, मेलेल्यांचा धनी. त्याचा मुलगा झॅग्रियस बापाचं घर सोडून वर पृथ्वीवर जायला निघतो, कारण आपली आई तिथे आहे असं त्याला कळलेलं असतं. वाटेत टार्टारस, अॅस्फोडेल, इलिझियम असे पाताळाचे थर लागतात आणि शेवटी स्टिक्सचं देऊळ. प्रत्येक थरात खोल्याच खोल्या. खोलीत शिरलं की दारं बंद होतात, शत्रू अंगावर येतात, ते संपले की बक्षीस मिळतं आणि पुढची दारं उघडतात. मध्येच मेला, तर पोरगा रक्ताच्या कुंडातून नाक मुरडत बाहेर येतो, तो पुन्हा बापाच्याच घरात. निघा पहिल्यापासून.

या जातीच्या खेळांना ‘रोगलाइक’ म्हणतात. आपल्या रोगाशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ लुच्चा, बदमाश असा आहे. १९८० साली त्या नावाचा एक गेम निघाला होता. त्यात भुयारंसुद्धा टाइपाच्या अक्षरांनी काढलेली, नकाशा दर वेळी नवा, आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. ‘हेडीस’ त्याच घराण्यातला, पण थोडा दयाळू. तो दयाळूपणा कुठे आहे, हे दारांवरची चिन्हं वाचता आली की कळतं.

खोली जिंकली की समोर बहुधा एकाहून जास्त दारं असतात आणि प्रत्येकावर एक चिन्ह तरंगत असतं. पुढच्या खोलीत काय मिळणार, ते त्या चिन्हावरून कळतं. एक दार धरलं की दुसऱ्यामागचं गेलं, परत येऊन ते घेता येत नाही.

माझ्या नातीने मला पहिली गोष्ट शिकवली ती रंगांची. चिन्हाभोवती पानांची कमान असते. ती सोनेरी असेल तर मिळणारी गोष्ट याच फेरीत कामाला येणार आणि मेलात की जाणार. कमान निळी असेल तर जे मिळेल ते मेल्यावरही तुमच्याजवळ राहणार. निळ्यांत जांभळा ‘अंधार’ येतो, जो घरातल्या आरशापाशी खर्च करून झॅग्रियसला कायमचं बळ देता येतं. किल्ल्या येतात, त्यांनी आरशातले गुण आणि नवी हत्यारं उघडतात. रत्नं येतात, ती देऊन बापाच्या वाड्याची डागडुजी आणि सजावट करता येते. आणि देवांचं पेय ‘नेक्टर’ येतं, ते कुणाला भेट दिलं की तो तुमचा होतो आणि बदल्यात एखादी खूण देतो.

आमच्या सूनबाईंचा प्रश्न होता, आणि तो पुष्कळ आयांचा असणार: “हे पोर सारखं मरतंय, तरी पुन्हा तेच का खेळायचं?” उत्तर या निळ्या दारांत आहे. पहिल्या पंधरा-वीस फेऱ्यांत तुम्ही मरणारच. गेमला ते माहीत असतं आणि तुम्हालाही माहीत असावं. अशा वेळी प्रत्येक सोनेरी दारामागे धावणारा, आज वर पोचायचंच म्हणणारा, रिकाम्या हाताने घरी येतो. सुरुवातीला निळं दार दिसलं की घ्यावं, असं माझं मत. पुढे आरसा भरला की सोनेरीकडे वळावं. नात यंदा दुसऱ्यांदा एका प्रवेशपरीक्षेला बसते आहे. “निळं राहतं, आजी, बाकीचं जातं,” असं ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, तेव्हा मी पुढे काही बोलले नाही. चहा ठेवायला उठले.

सोनेरी दारांत सगळ्यांत जास्त दिसतात ती देवांची चिन्हं. ऑलिंपसवरची नातेवाईक मंडळी झॅग्रियसला मदत पाठवत असतात. झ्यूसची वीज, पोसायडनचा त्रिशूळ, अॅफ्रोडाइटीचं हृदय, डायोनायससची द्राक्षं, आर्टेमिसचा बाण. त्या खोलीत गेलं की तो देव तीन वर समोर ठेवतो, त्यातला एक घ्यायचा. झ्यूसची वीज एकावरून दुसऱ्यावर उडी घेते, पोसायडनची लाट शत्रूला भिंतीवर आदळते. अथेना आलेला वार उलटा फिरवते, अॅफ्रोडाइटी शत्रूला दुबळा करते, डायोनायसस त्याला दारूची नशा चढवून हळूहळू पोखरतो. ज्याचा जसा स्वभाव तसा त्याचा वर. हे ज्याने रचलं त्याने पुराणकथा नीट वाचलेल्या आहेत.

यात एक मेख आहे, ती नवशिक्यांना उशिरा कळते. एका फेरीत ऑलिंपसवरचे साधारण चारच देव तुमच्या वाट्याला येतात. वेग देणारा हर्मीस त्यात मोजत नाहीत. म्हणजे पहिल्या काही दारांवर तुम्ही ज्यांना होकार दिला, त्यांच्याशीच पुढचा संसार. शिवाय ठरावीक दोन देवांचे ठरावीक वर जवळ असले, तर दोघे मिळून एक जोडवर देऊ शकतात, आणि तो एकट्या देवाच्या वरापेक्षा फार गुणाचा असू शकतो. म्हणून हा आवडला, तोही आवडला असं करत दारं घेणाऱ्यापेक्षा दोघा-तिघांना धरून राहणारा लांब जातो. एखादा देव नक्की हवाच असेल तर नेक्टरच्या बदल्यात मिळालेली त्याची खूण बरोबर घेऊन निघायचं. आरशातून दाराचं चिन्ह बदलून मागण्याची सोयही मिळवता येते, पण ती मोजकीच.

बाकीच्या सोनेरी चिन्हांत हातोडा दिसला तर मी डोळे मिटून घ्या म्हणेन. तो डेडॅलसचा, क्रीटच्या राजासाठी भूलभुलैया बांधणाऱ्या कारागिराचा. त्याने हत्याराची चालच बदलते आणि तो एका फेरीत फार तर दोनदा हाती लागतो. हृदयाच्या आकाराची दोन चिन्हं आहेत, त्यांत गोंधळ नको: एक अॅफ्रोडाइटीचं, दुसरं सेंटॉरचं. सेंटॉरचं हृदय आयुष्याची कमाल मर्यादा २५ ने वाढवतं. सुरुवातीला झॅग्रियसकडे आयुष्य असतं ५०, त्यामुळे नवख्याला ही वाढ निम्म्याने पडते.

नाण्याच्या चिन्हापाशी मी जरा थांबले. पाताळातल्या नदीवर कॅरॉन नावाचा नावाडी असतो आणि तो उताराचे पैसे घेतल्याशिवाय नेत नाही, म्हणून ग्रीक लोक मृताच्या तोंडात ओबोल नावाचं नाणं ठेवत. आपल्याकडेही अखेरच्या घटकेला तोंडात गंगाजल, तुळशीपत्र आणि सोन्याचा कण घालतात. गेममध्ये हाच कॅरॉन वाटेत दुकान मांडून बसलेला असतो. नाणी त्याच्याकडे खर्चायची आणि संपवायची, कारण मेल्यावर ती उरत नाहीत. साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

चिन्हाबरोबर छोटी कवटी दिसली तर आत नेहमीपेक्षा दांडगा शत्रू बसलेला आहे. आयुष्य कमी असेल तर हातोडासुद्धा सोडावा लागतो, आणि तो सोडवत नाही. त्याउलट उद्गारचिन्हाचं दार म्हणजे विसावा. तिथे मारामारी नाही, माणूस भेटतो. टार्टारसमध्ये सिसिफस, ज्याला दगड डोंगरावर ढकलत नेण्याची अंतहीन शिक्षा आहे. इथे तो दगडाला टेकून बसलेला असतो आणि तुम्हाला काही ना काही देतो. अॅस्फोडेलमध्ये युरिडिसी गात असते. इलिझियममध्ये पॅट्रोक्लस भेटतो, जुन्या मित्राच्या आठवणीत बुडालेला. या दारांसाठी मी देवाचाही वर सोडेन. नात सोडत नाही.

एक दार असं आहे की त्याची किंमत आधी द्यावी लागते. ते केऑसचं, सृष्टीपूर्वीच्या गोंधळाचं. आत शिरतानाच थोडं आयुष्य जातं, मग काही खोल्यांपुरता शाप बसतो, तो भोगून झाला की वर मिळतो. आपल्या व्रतकथा ऐकलेल्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. आणि एका खोलीत दोन देवांचे वर समोर ठेवलेले असतात. एक उचलला की दुसरा रुसतो, रुसतो म्हणजे अंगावर शत्रू सोडून स्वतःही मारायला लागतो. तेवढं सोसलंत तर राग आवरतो आणि आपलाही वर देतो. दोन आत्यांना एकाच दिवशी जेवायला बोलावलेल्या घरांनी हे पाहिलेलं आहे.

नेमका हाच प्रश्न मंडळातल्या काही पालकांनी मला विचारला होता: आत काय निघेल याची उत्सुकता लावून पुढे ढकलत राहणं, हा जुगारच नाही का? मला तसं वाटत नाही, आणि कारण दारावरच आहे. काही मोबाइल गेम पैसे घेऊन बंद पेटी विकतात, आत काय आहे ते पेटी उघडल्यावर कळतं. इथे काय मिळणार ते आधी सांगितलेलं असतं, आणि एकदा गेम विकत घेतला की आत कुठेही पैसे मागत नाहीत. वेळ मात्र मागतात, भरपूर मागतात. एक फेरी अर्ध्या-पाऊण तासाची होते, तेव्हा “ही फेरी संपली की उठ” असं सांगावं, “आत्ता उठ” असं नाही. अमेरिकेत याला तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठीचा दर्जा आहे. रक्त आहे, दारूचे उल्लेख आहेत, देवदेवींचे कपडे बेताचे आहेत. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मी देणार नाही.

आता राहिलं डाळिंब. या चिन्हाने नवा वर मिळत नाही, आधी घेतलेल्या एखाद्या वराची पायरी वाढते. जितक्या पायऱ्या चढाल तितकी पुढची वाढ बहुधा लहान होत जाते. जवळ दोन-तीन चांगले वर असतील तर डाळिंब घ्यावं, एकच असेल तर नवा देव पाहावा.

परवा नात इलिझियममध्ये पोचली होती आणि समोर दोन दारं आली. एकावर डेमेटरचं चिन्ह, दुसऱ्यावर डाळिंब. डेमेटर ही धान्याची देवी. हेडीसने तिची लेक पर्सेफोनी पाताळात पळवून नेली तेव्हा तिने रागाने आणि दुःखाने जमीन ओसाड केली. शेवटी लेक परत मिळायची वेळ आली, पण तोवर तिने पाताळातल्या डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून वर्षाचा काही भाग तिला खालीच राहावं लागलं. (झॅग्रियस कुणाला शोधतो आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. गेममध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने जाते, ती मी फोडत नाही.) म्हणजे एका दारामागे लेक हरवलेली आई, आणि दुसऱ्या दारावर ती लेक ज्यात अडकली ते फळ.

नातीला ही कथा अर्धीच माहीत होती. तिने खेळ थांबवला, कंट्रोलर मांडीवर ठेवून सगळं ऐकलं आणि विचारलं, “दाणे किती खाल्ले होते?” मी सांगितलं, जुन्या ग्रीक स्तोत्रात एक, ओव्हिड या रोमन कवीकडे सात.

“एकासाठी एवढं?” ती म्हणाली. मग पडद्याकडे बघून, “आयुष्य अठराच उरलंय गं आजी. थंडीने शत्रू मंदावतात, तेवढं तरी होईल,” आणि डेमेटरच्या दारातून आत गेली.