जन्मभूमी नको, काम दाखवा

अमरावतीच्या माजी खासदार सौ. नवनीत राणा यांचे नाव निघाले की कित्येक शहाणे पहिला आक्षेप घेतात तो असा की, बाई मुंबईत जन्मल्या, घराणे पंजाबी; त्यांना वऱ्हाडचे काय कळणार? हा आक्षेप आम्हास मुळीच मान्य नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरविणे हाच जातिभेदाचा पाया होय. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1946 साली घटना समितीवर निवडून गेले ते बंगालमधून!

सौ. राणा 2011 साली लग्न करून वऱ्हाडच्या सूनबाई झाल्या. 2014 साली त्या लोकसभेला हरल्या. 2019 साली काँग्रेस व राष्ट्रवादी यांच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून जिंकल्या. त्यांचा जातीचा दाखला मुंबई उच्च न्यायालयाने 2021 साली रद्द केला, तो सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली कायम केला. तो वाद तेथेच संपला.

आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या दोन पक्षांच्या आधाराने त्या निवडून आल्या, त्यांनीच नोव्हेंबर 2019 मध्ये शिवसेनेशी मिळून सरकार बनविले, आणि बाई त्या सरकारच्या कट्टर विरोधक ठरल्या. विरोध करणे हा प्रतिनिधीचा हक्कच आहे. पण त्यांचे नाव देशभर गाजले ते कशाने? कापसाच्या भावाने नव्हे, मेळघाटातील बालमृत्यूंनी नव्हे, तर एप्रिल 2022 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या ‘मातोश्री’पुढे हनुमान चालिसा म्हणण्याच्या घोषणेने! सरकारनेही शहाणपण गहाण टाकले. 23 एप्रिलला त्यांना अटक करून राजद्रोहाचे कलम लावले. ते कलम सकृद्दर्शनी लागू होत नाही, असे सांगून विशेष न्यायालयाने जामीन दिला. स्तोत्रपठणाच्या घोषणेत राजद्रोह पाहणारे सरकार आणि स्तोत्रालाच राजकारण करणारा विरोध, दोघांनीही रयतेचा प्रश्न बाजूस सारला.

वाचकहो, देवाच्या नावाने याच अमरावतीत पूर्वीही झगडा झाला आहे. 1927 साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. परंतु तो अस्पृश्य मानलेल्या माणसाला दाराच्या आत घेण्यासाठी होता. कोणाच्या दारात जाऊन त्याला खिजविण्यासाठी नव्हता. देव तोच, हेतूत मात्र जमीनअस्मानाचे अंतर!

2024 साली सौ. राणा भारतीय जनता पक्षातर्फे उभ्या राहिल्या व काँग्रेसचे श्री. बळवंत वानखडे यांच्याकडून 19,731 मतांनी पराभूत झाल्या. वानखडे याच मातीतले, म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. माती हा काही कामाचा दाखला नव्हे. ही जागा राखीव आहे, ती शतकानुशतके मुके ठेवलेल्यांना वाचा मिळावी म्हणून. तेव्हा प्रतिनिधी घरचा असो की बाहेरून आलेला, सत्तेत असो की विरोधात, गावात आला की एवढेच विचारा : आमच्यासाठी तू तेथे काय बोललास?